खांदेपालट

आमच्या घरात गप्प बसायला बंदी आहे. तशी पाटी भिंतीवर लावलेली नाही, पण मुंगीच्या आईचा डोळा पाटीपेक्षा कडक आहे आणि तो कायम माझ्यावर असतो. मी हात धुतले तर ‘मी हात धुतो, साबण लावतो, पाणी गार आहे’ असं म्हणायचं. चप्पल काढली तर चप्पल काढल्याची बातमी द्यायची. टॉवेलला नुसतं टॉवेल म्हणून भागत नाही. हा निळा टॉवेल, हा ओला टॉवेल, बाबा तोंड पुसतो. खिडकीतून कुणी बघितलं तर त्याला वाटेल, या माणसाचं डोकं फिरलंय. खरं सांगायचं तर मलाही अधूनमधून तसंच वाटतं.

मुंगी म्हणजे आमची मुलगी. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून मुंगी. आता दुसरीत गेली तरी नाव काही सुटलं नाही. तिला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. कानांमागे यंत्रं लावली की येतं, पण तुम्हाआम्हाला येतं तसं नाही. यंत्र आवाज मोठा करतं, तो स्वच्छ करून देत नाही. उरलेलं तिला समोरच्याचे ओठ बघून आणि अंदाज बांधून जुळवावं लागतं. अर्धी पुसलेली पाटी वाचावी, तसं ती दिवसभर लोकांचं बोलणं वाचत असते.

हे आम्हाला फार उशिरा कळलं. दोन वर्षांची झाली तरी पोर बोलेना, तेव्हा ज्याला जे सुचेल ते त्याने सांगितलं. ‘काही मुलं उशिराच बोलतात.’ ‘बापावर गेलीय, बाप तरी कुठे तोंड उघडतो?’ हे दुसरं तर सगळ्यांचं लाडकं होतं, आणि ते ऐकून मीही हसायचो. एकदा शंका फेडायची म्हणून आम्ही तिच्या पाठीमागे उभं राहून थाळी जमिनीवर आपटली. ती चटकन वळली. आम्ही निर्धास्त झालो. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की पोरगी फरशीवर बसली होती, तिला आवाज गेलाच नव्हता. फरशीचा हादरा तिच्या बुडाला कळला होता.

तेव्हापासून मुंगीची आई दर आठवड्याला सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणींच्या वॉर्डात जाते. खाटांच्या मधे उभी राहते आणि सांगते, “बायांनो, थाळ्या वाजवू नका, टाळ्या वाजवू नका. मूल झोपलेलं असताना कानाची तपासणी होते, दुखत नाही, खुपत नाही. घरी जाण्याआधी करून घ्या. आमची गेलेली दोन वर्षं कुणी परत देत नाही.” बायका ऐकतात. काही करून घेतात, काही म्हणतात, घरी विचारून सांगते. ही पुन्हा पुढच्या आठवड्यात जाते. हिचा स्वभावच तसा आहे, घेतला वसा टाकायचा नाही.

घरातल्या बडबडीचा वसाही हिनेच घेतला. मुंगीला बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, “हिच्या कानांवर दिवसभर शब्द पडले पाहिजेत. आणि घरात हातवारे अजिबात नकोत. हातांनी काम भागलं की जीभ हलत नाही.” बाईंनी ते एका वाक्यात सांगितलं. त्या वाक्यावर आमचं घर पाच वर्षं चाललंय.

पंचाईत झाली ती माझी. मी विणकर आहे. मोठ्या शेडमध्ये माग चालवतो. तिथे खडखडाट असा असतो की शेजाऱ्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी तो फक्त थुंकी पुसतो. म्हणून आमचा सगळा व्यवहार हातांवर चालतो. दोन बोटं कात्रीसारखी केली की धागा तुटला. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. हवेत मिशीला पीळ दिला की मुकादम येतोय. आताच्या मुकादमाला मिशी नाही. ती त्याच्या आधीच्याला होती, पण नोकरीबरोबर मिशीही याच्या गळ्यात पडली. शेडमधली माणसं या हातांनी भांडतात, चेष्टा करतात, पोरीच्या लग्नाची बोलणी कुठवर आली ते सांगतात. माझ्या समोरच्या मागावर एक गडी आहे. त्याचे हात इतके फिरतात की त्याला सगळे पंखा म्हणतात. बाहेर मला कुणी बोलका म्हणणार नाही, पण शेडमध्ये पंख्याच्या खालोखाल माझाच नंबर लागतो.

या सगळ्या खुणांत एक मोठी खूण आहे. तिला आम्ही खांदेपालट म्हणतो. वर्तमानपत्रात मंत्र्यांची होते ती वेगळी. आमच्याकडे उजवा तळवा डाव्या खांद्यावर दोनदा आपटायचा. म्हणजे, माझा माग धर, माझ्याने आता उभं राहवत नाही. ती खूण ज्याला दिसेल त्याने जायचं आणि का म्हणून विचारायचं नाही. कुणाला भोवळ आलेली असते, कुणी घरून भांडून आलेला असतो, कुणाला उगीच बाहेर जाऊन आभाळ बघायचं असतं. विचारलं तरी उत्तर ऐकू येणार नाही, म्हणून ही पद्धत पडली असेल. पण आता तो शेडचा धर्म होऊन बसलाय. ती खूण कुणी उगाच करत नाही आणि केली तर कुणी नाकारत नाही.

तर असे हे हात घेऊन मी घरी यायचो आणि घरात हातांना मज्जाव. जेवताना डावा हात मांडीखाली दाबून बसायचो. उजवा कामात असायचा म्हणून वाचला. कधी चुकून बोटं हललीच तर मुंगीची आई म्हणायची, “अहो, हात.” मी म्हणायचो, “हा भात. गरम भात.” जिभेला सवय नसल्यामुळे ती दुखायची. दिवसभर उभं राहून पाय दुखतात त्याचं काही वाटत नाही, पण जीभ दुखते हे सांगायचं कुणाला?

या वर्षी मात्र काहीतरी बिनसलं. मुंगी शाळेतून आली की दप्तर टाकायची, कानांमागची यंत्रं काढून डबीत ठेवायची आणि टेबलाखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. दुकान बंद. तिची आई चार पायांवर टेबलाखाली शिरायची. “मुंगी, यंत्र घाल. माझ्याकडे बघ. आज काय झालं? कुणी चिडवलं? कुणी मारलं?” यंत्राशिवाय तिला कळणार तरी काय? मग आई तिच्या कानांत यंत्रं बसवायची आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायची. मुंगी म्हणायची, “काही नाही.” तिचे सगळे शब्द थोडे जाड येतात, पण हे दोन अगदी स्वच्छ यायचे. इतक्या वेळा म्हणून तयार झाले होते.

मग शाळेतून निरोप आला. शुक्रवारी दोघांनी मुलीला घेऊन मोठ्या बाईंना भेटायचं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्याच दिवशी मुंगीला आणायला गेलेल्या तिच्या आईला वर्गाच्या बाईंनी शाळेच्या दारातच कानगोष्ट केली, “जेवणाच्या सुट्टीनंतर ती यंत्र काढून डोकं खाली घालून बसते. काही विचारलं तर उत्तर देत नाही. मोठ्या बाई तिच्याशी बोलून बघणार आहेत. झेपत नसेल तर तिच्यासारख्या मुलांची शाळा आहे, तिकडे पाठवा म्हणतील.”

ती शाळा आम्हाला माहीत होती. चांगलीच आहे, कुणी वाईट म्हणणार नाही. पण ती दुसऱ्या गावात आहे आणि तिथे मुलांना राहावं लागतं. घरी यायचं ते सुट्टीत. मुंगी अजून माझ्या सदऱ्याची बाही मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही.

तो आठवडा आमच्या घराने कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. मुंगीची आई तिला समोर बसवून उत्तरं घोकून घ्यायची. “तुला कुठला विषय आवडतो? सांग. चित्रकला. पुन्हा सांग. चित्र-क-ला.” तिचा घसा महिनाभर बसलेलाच होता, आता तर चाळणीतून पीठ पडावं तसा आवाज येत होता. घशाच्या डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आल्यात, काही आठवडे अजिबात बोलू नका. हे मला सांगताना ती हसली. “गप्प बसू म्हणे. मी!” आणि लगेच मुंगीकडे वळून, “आई हसली. आई का हसली?”

मी सांगायला हवं होतं की पुरे कर. पण मीही थकलो होतो, आणि थकलेला माणूस भांडण टाळतो.

गुरुवारी शाळा अर्धीच होती. मुंगीच्या आईला वॉर्डात जायचं होतं, तिथून पुन्हा डॉक्टरांकडे. माझी दुपारची पाळी होती. शेजारी कुलूप होतं. मी मुंगीला घेऊन शेडवर गेलो. मुकादमाने तिला बघितलं, मला बघितलं आणि मग छपराकडे बघितलं. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ परवानगी असा होतो.

मागांच्या जवळ तिला नेणं शक्यच नव्हतं. जाळीच्या पलीकडे सुताच्या गठ्ठ्यांपाशी एक बाकडं आहे, तिथे तिला बसवलं. यंत्रं तिने स्वतःच काढून डबीत ठेवली. भिंतीवर कान झाकायचे टोप टांगलेले असतात. कुणी घालत नाही, घाम येतो म्हणून. मीही कधी घातला नाही, आणि माझा डावा कान गेली काही वर्षं मंद झालाय ते मी कुणाला बोललोही नाही. त्या दिवशी मात्र मी एक टोप पुसला आणि मुंगीच्या डोक्यावर चढवला. तिचं जे काही उरलंसुरलं ऐकणं आहे, ते तरी मागांच्या तोंडी द्यायला नको.

तिला कंटाळा येईल, झोपेल, असं मला वाटलं होतं. थोड्या वेळाने बघतो तर ती बाकड्यावर उभी. डोळे एवढे मोठे. पंख्याची आणि मागच्या ओळीतल्या गड्याची जुंपली होती. चहा कुणी पाजायचा यावरून नेहमीचंच भांडण, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात चालले होते. मुंगीची मान इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेडमधला एकही माणूस तोंडाने बोलत नव्हता आणि सगळे एकमेकांना समजत होते. अशी जागा जगात असते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचा बाप रोज तिथेच जात होता तरी.

मग पंख्याने तिला बघितलं. त्याला प्रेक्षक मिळाला की तो सुटतो. त्याने हवेत मिशी पिळली आणि मुकादमाकडे बोट केलं. मुंगीने मुकादमाचा सपाट ओठ बघितला आणि भुवया वर केल्या, मिशी कुठाय? पंखा पोट धरून हसला. चहाच्या सुट्टीपर्यंत तिला धागा, चहा, मुकादम, पळ, थांब आणि गाढव एवढं येऊ लागलं होतं.

मागच्या ओळीतल्या एकाने खांद्यावर तळवा आपटला आणि मी जाऊन त्याचा माग धरला. परत आलो तर मुंगी जाळीला नाक लावून उभी. तिने स्वतःच्या खांद्याकडे बोट केलं. हे काय? मी हातांनीच सांगितलं. तो दमला. मी त्याच्या जागी उभा राहिलो. तो बाहेर गेला. तिने जरा विचार केला. मग बाकड्यावर नीट मांडी घालून बसली आणि उजवा तळवा डाव्या खांद्यावर आपटला, दोनदा, चांगला जोरात.

पंखा पुढच्या गड्याला माग सोपवून आला. आला तो सरळ जाळीच्या पलीकडे. तिच्या डोक्यावरचा टोप तसाच राहू दिला, तिला अलगद उतरवलं आणि स्वतः तिच्या जागी मांडी घालून, हाताची घडी घालून, गाल फुगवून बसला. दुसरीतल्या पोरीसारखा. मुंगी दारापर्यंत गेली. आभाळ बघितलं. परत आली आणि त्याला बघून हसायला लागली. आवाज मागांत बुडाला, पण दात दिसत होते, पोट हलत होतं. तिला तसं हसताना बघून कित्येक महिने झाले होते. माझ्या मागावरचा धागा तुटला होता आणि तो मला दिसत नव्हता, डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून.

घरी येताना वाटेत थांबून मी तिच्या कानांत यंत्रं बसवली आणि म्हटलं, “मुंगी, हे आईला नको सांगूस.” तिने मान हलवली. का म्हणून तिने विचारलं नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

शुक्रवारी मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही तिघं आणि वर्गाच्या बाई, असे बसलो. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. टेबलावर कागदांचा ढीग, डोळ्यांखाली काळं, बोलता बोलता कपाळ चोळायची सवय. आमच्यासारख्याच दमलेल्या. पण त्यांची खुर्ची खिडकीला पाठ करून होती. मागून भगभगीत ऊन, त्यामुळे त्यांचं तोंड नुसतं सावलीसारखं दिसत होतं.

“नाव काय तुझं?”

मुंगीने नाव सांगितलं. वर्ग सांगितला. मुंगीच्या आईने माझ्याकडे बघितलं. तिच्या कपाळावरची एक आठी सुटली.

पुढचा प्रश्न मोठ्या बाईंनी कागद चाळताना विचारला, खाली बघून. मुंगी म्हणाली, “काय?” त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी पेन ओठांवर टेकवलेलं. मुंगी म्हणाली, “काय?” मला वाटलं, साधाच प्रश्न असेल, ही का अडली? आणि मग माझ्या ध्यानात आलं की मलाही तो कळलेला नाही. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. किती वर्षं मी माणसांच्या ओठांकडे बघून ऐकतोय, ते त्या क्षणी मला कळलं.

“मुंगी, बाई विचारतायत...” मुंगीची आई पुढे वाकली. तिचा नुसता वारा आला, शब्द आला नाही. तिने खाकरून पुन्हा सुरुवात केली. पुन्हा वारा.

मोठ्या बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“हो,” मुंगी म्हणाली.

वर्गाच्या बाईंनी मान खाली घातली. प्रश्न हो-नाहीचा नव्हता, एवढं मलाही कळलं. मुंगीलाही कळलं. तिने आधी आईकडे बघितलं, आई तोंड उघडून आवाज शोधत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. उजवा हात उचलला आणि डाव्या खांद्यावर दोनदा आपटला. कालच्यासारखा जोरात नाही. खरा दमलेला माणूस आपटतो तसा.

मी उठलो. विचारबिचार काही केला नाही. ती खूण दिसली की पाय उठतात, इतक्या वर्षांची सवय आहे. मी तिच्या खुर्चीपाशी गेलो, तिला उतरवलं, आणि त्या छोट्या खुर्चीत स्वतः बसलो. गुडघे हनुवटीला लागले. मुंगी भिंतीशी जाऊन टेकली.

“अहो, हे काय?” मोठ्या बाई म्हणाल्या.

“ती दमलीय बाई. तिच्या जागी मी बसतो. विचारा मला.”

“तुम्हाला विचारून काय उपयोग? आणि हे हातवारे कसले? तुम्हीच लिहून दिलं होतं ना, हिच्याशी फक्त बोला, खाणाखुणा करू नका?”

“ते हिच्या आईने लिहिलं होतं. बरोबरच लिहिलं होतं. पण...” मला पुढचं सुचेना. बोलायची वेळ आली की माझं हे असं होतं. “बाई, तुमचा मघाचा प्रश्न मलाही कळला नाही. मी डाव्या कानाने अर्धा बहिरा आहे, मागांनी खाल्ला. एवढ्या वेळात तुमच्याकडे बघून बघून माझं डोकं ठणकायला लागलंय. ती सकाळपासून हेच करते. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ओढते, मग संपते. ती आळशी नाही. ती माझ्यापेक्षा जास्त काम करून घरी येते.”

माझ्या पाठीवर मुंगीच्या आईची नजर होती, ती मला न वळता कळत होती.

“माझ्या शाळेत एकेका वर्गात साठ मुलं आहेत,” मोठ्या बाई शेवटी म्हणाल्या. “मी कुणाकुणासाठी काय काय करू, ते तुम्हीच सांगा.”



वर्गाच्या बाई हळूच म्हणाल्या, “डोकं खाली घालते ना, तेव्हा डोळे उघडे असतात तिचे. मला वाटायचं, रुसलीय.” मग त्या म्हणाल्या, “जेवणानंतर तिला थोडा वेळ वाचनालयात बसू दे. यंत्र काढून. मग वर्गात घेते. पुढच्या बाकावर बसवते. बघते मी.”

मोठ्या बाईंनी कपाळ चोळलं. “सहामाहीपर्यंत बघू. शब्द देत नाही.” त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मुंगीकडे तोंड करून हळूहळू म्हणाल्या, “जा. खेळ.” मुंगी लगेच बाहेर पळाली.

घरी येताना मुंगीची आई एक अक्षर बोलली नाही. दुकानं आली, झाडं आली, कुत्रं आलं, तिने कशाचंही नाव घेतलं नाही. मुंगी मधे, तिचा एक हात माझ्या हातात, एक आईच्या. कोपऱ्यावर वळताना मुंगीच्या आईने घशातून कसंबसं काढलं, “कधीपासून?”

“खूण कालच शिकली. शेडवर नेलं होतं.”

“कान.”

“झाली तीन-चार वर्षं.”

ती थांबली. “मी वॉर्डात जाऊन बोंबलते. दुसऱ्यांच्या पोरांचे कान तपासा म्हणून. आणि घरात...” तिथे आवाज तुटला. मला वाटलं रागावली. मग बघितलं तर ती रडत होती, तेही आवाज न करता. मी म्हटलं, “रागव, पण आता घरी जाऊन रागव.” तिने डोळे पुसले आणि चालायला लागली.

संध्याकाळी जेवायची वेळ झाली. मुंगी टेबलाखाली होती, पण या वेळी तोंड आमच्याकडे होतं. यंत्रं डबीत. मुंगीची आई पानं मांडत होती. तिला बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं, पण पाच वर्षांची सवय कुठे जाते? तिने वाटी उचलली, मुंगीला दिसेल अशी धरली आणि तोंड उघडलं. “ही...” काही आलं नाही. पुन्हा उघडलं. वारासुद्धा आला नाही.

ती वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. मी मांडीखाली हात दाबून बसलो होतो. मुलगी बोलावी म्हणून या बाईने स्वतःचा आवाज झिजवून टाकला होता, आणि पाच वर्षांत तिला कुणी एकदासुद्धा विचारलं नव्हतं, धरू का जरा?

तिने वाटी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मुंगीकडे बघितलं. मग डावा तळवा उचलून उजव्या खांद्यावर ठेवला. उलटा हात, उलटा खांदा. एकदाच आपटला. मग आठवलं असावं, म्हणून दुसऱ्यांदा.

मी उठलो, पण मुंगी माझ्याआधी पोचली होती. टेबलाखालून निघाली ती सरळ आईपाशी. काही विचारलं नाही. आईचा हात धरून तिला आणून माझ्या शेजारी बसवलं, खांदे दाबून, हलायचं नाही अशा बेताने. मग डबी उघडून यंत्रं आपणहून कानांमागे लावली, आईच्या जागी जाऊन उभी राहिली आणि वाटी उचलली.

“ही वाटी,” ती म्हणाली. आईसारखेच ओठ फाकवून, एकेक अक्षर दाखवत, तिच्या त्या जाड आवाजात. “रिकामी वाटी. आई बसली. आई दमली. आई आता नाही बोलणार. मी बोलणार.” तिने आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं, आम्हाला समजतंय की नाही ते. मग माझ्याकडे बोट केलं. “बाबा, पाणी आण.”

मी तांब्या उचलला. “मी पाणी आणतो,” माझी जीभ सवयीने सुरू झाली, “गार पाणी, तांब्यात पाणी...”

“दिसतंय मला,” मुंगी म्हणाली.

मी गप्प बसलो आणि पाणी भरून आणलं.